त्याले घासू नको देऊ

बाबा, भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, "शेवटचं काय बोलले?" आणि मी प्रत्येकाला धडधडीत खोटं सांगते. वर्ध्याच्या आत्यांना सांगितलं, "तुमची आठवण काढली." तुमच्या लेकाला, मिलिंदला सांगितलं, "तुझं नाव घेतलं." शेजारच्या मिश्रा आंटींना सांगितलं, "सबको आशीर्वाद देके गए." त्या बिचाऱ्या पदर डोळ्यांना लावून रडल्या. आता खरं काय सांगू त्यांना? तुम्ही स्ट्रेचरवर होता, तोंडावरचा मास्क स्वतःच्या हाताने बाजूला केलात, नर्स ओरडली, तरी मला खुणेनं जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "प्रज्ञा, त्याले घासू नको देऊ." संपलं. मग त्यांनी तुम्हाला आत नेलं. अख्खं आयुष्य जगलेला माणूस, दोन मुलं, नातवंडं, एवढा गोतावळा, आणि शेवटचं वाक्य कशावर? तर एका जुन्या गाडीच्या क्रँकशाफ्टवर!

राग आला होता मला. तुमच्याशी कशाला खोटं बोलू. जलदान विधीच्या दिवशी पांढरी साडी नेसून मी तुमच्या फोटोसमोर बसले होते. एअरफोर्सच्या युनिफॉर्ममधला तो फोटो, छाती पुढे, मिशा तेव्हा काळ्याभोर. भन्तेजी वंदना म्हणत होते, मागे बायका हुंदके देत होत्या आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? हे बरं आहे, असं चाललं होतं. आपलं म्हणणं ठणकावून सांगायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचंच नाही. दोन वर्षं भांडलो आपण त्या गाडीवरून. असा पळ कधी काढला नव्हता तुम्ही.

आणि गंमत बघा, त्याआधीची इतकी वर्षं आपण किती बोललो होतो? लग्न होऊन मी तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही नागपूरला, आम्ही इथे लखनौला. सणावारी भेट. "बरी आहेस?" "हो बाबा." "नोकरी?" "चाललंय." एवढ्यावर आपलं भागायचं. आई गेल्या, तुम्ही आमच्या मानक नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला आलात, तरी तेच. तुम्ही व्हरांड्यात पेपर घेऊन, मी लॅबला जायच्या घाईत. मला तर तुमची भीतीच वाटायची. एवढे उंच, एवढे गप्प. विमानांची इंजिनं उघडून परत बसवण्यात उभी नोकरी गेलेली. चहाचा कप जिथे ठेवायचात तिथेच रोज, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही.

मग एके दिवशी ऑफिसमधून आले तर क्वार्टरच्या मागे, कडुलिंबाखाली, ती जुनी मोटार उभी. हेराल्ड. तुम्ही निशातगंजला भाजीला म्हणून गेला होता. तिथलं कुठलंसं जुनं घर पाडत होते आणि त्यांच्या गॅरेजमध्ये ही सापडली म्हणे. तिला एका टेम्पोच्या मागे दोरानं बांधून तुम्ही घरी घेऊन आलात. टायर फुटलेले, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडलेला, रंग कुठला हे ओळखू येईना. कॉलनीतली निम्मी मुलं गोळा झालेली. मिलिंद गोमती नगरच्या ऑफिसातून आला, गाडीकडे बघितलं, तुमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पापा, ये क्या है यार?" तुम्ही म्हणालात, "इंजिन." आणि खरंच, तुमच्या लेखी ती गाडी नव्हतीच. एक इंजिन होतं आणि भोवती पत्रा होता.

मी लक्ष देणार नव्हते. खरंच नव्हते. पण एका रविवारी चहा घेऊन मागे आले तर तुम्ही रॉकर शाफ्ट, इंजिनातला एक दांडा, शिकंज्यात धरला होता आणि त्यावर हॅकसॉ चालवायच्या बेतात होता. आणि मी ओरडले, "अहो थांबा! काय करताय!" सासऱ्यावर ओरडले मी. चहा निम्मा बशीत. तुम्ही करवत तशीच धरून माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणालात, "रद्द केला मी हा. रद्द केलेला पार्ट कापूनच टाकायचा असतो. नाही कापला तर कोणी तरी उचलून परत बसवते."

म्हणजे तो तुमचा तिथला रिवाज. ज्याचे चालायचे ठरलेले तास भरले तो पार्ट काढायचा, वरून कितीही चकाकत असला तरी काढायचा, लाल लेबल बांधायचं आणि लगेच निकामी करायचा, म्हणजे मोहच नको. आणि माझी सगळी नोकरी नेमकी उलट कामात गेलेली! लॅबमध्ये माझ्या टेबलावर येतं ते रेल्वेचं घासलेलं, झिजलेलं लोखंड, आणि मी मापून सांगते की याच्यात अजून किती जीव आहे. झिजण्याची एक मर्यादा ठरलेली असते. तिच्या आत असेल तर परत गाडीखाली, बाहेर असेल तर भंगारात. मी घरात जाऊन माझा मायक्रोमीटर आणला. शाफ्ट पुसला, चार ठिकाणी मापला. म्हटलं, "बाबा, झिजलाय तो फक्त खालच्या बाजूनं, आणि तोही मर्यादेत आहे. कापायचं कारण काय?" तुम्ही म्हणालात, "पन्नास वर्षं चालला आहे, हे कारण." म्हटलं, "हे कारण नाही, हे वय आहे." तुम्ही करवत खाली ठेवली. मग हसलात. आमच्या घरात तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

तिथून सुरू झालं. हेराल्डचं नाक सगळंच्या सगळं पुढे कलंडतं, बॉनेट, मडगार्ड, दिवे, सगळं एकत्र. समोर इंजिन उघडंबोडकं आणि दोन्ही बाजूंना दोन चाकं. एका चाकावर तुम्ही बसायचात, दुसऱ्यावर मी, मध्ये इंजिन. तुमचे गुडघे कानाशी यायचे आणि माझे पाय जमिनीला पुरायचे नाहीत. मिश्रा आंटी गच्चीवरून बघायच्या आणि मला म्हणायच्या, "बहू और ससुर ऐसे बैठे रहते हैं जैसे अलाव ताप रहे हों." शेकोटीला बसल्यासारखे, म्हणजे. दर रविवारी सकाळ ते जेवणापर्यंत. काही गोष्टींत आपलं एकमत होतं. गॅस्केट नवीच, बेअरिंग नवीच, टायमिंगची चेन नवीच, यावर वाद नाही. बाकी प्रत्येक पार्टवर खटला चालायचा. तुम्ही काढायला, मी ठेवायला.

आणि तुमची ती लाल लेबलं फक्त गाडीपुरती राहिली असती तरी चाललं असतं. होळीचं आठवतं? माझ्या लॅबमधले सगळे जेवायला येणार, मी वरणभात लावायला कुकर काढला तर झाकणाला लाल दोरा, आणि आतली रबरी रिंग कात्रीनं दोन ठिकाणी कापलेली. "वर्ष झालं होतं तिले," तुम्ही म्हणालात. "अहो पण नवी आणायच्या आधी कापतात का?" दुकानं सगळी बंद, रस्त्यावर रंग, आणि मी भरल्या घरात पातेल्यात डाळ रटारटा शिजवत बसले. पाहुणे आले तेव्हा डाळ अजून टणक. तुम्ही मात्र सगळ्यांना समजावून सांगत होता की निकामी रिंगनं कुकर उडाला असता. त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. रात्रीची भांडी घासेपर्यंत टिकलं ते.

पण खरं सांगू का बाबा, त्या भांडणांनी मला माझी भाषा परत दिली. मिलिंद एअरफोर्सच्या स्टेशनांवर वाढलेला, त्याला मराठी सगळी कळते पण तोंडातून हिंदीच निघते. आमच्या लेकीचं, आर्याचं तर विचारूच नका. मी म्हणायचं, "आर्या, जेवायला चल," आणि तिनं म्हणायचं, "आ रही हूँ मम्मी." बाजारात हिंदी, ऑफिसात हिंदी नि इंग्रजी. मी सुद्धा स्वतःशी हिंदीत बोलायला लागले होते. आणि मग रविवारी तुम्ही समोरच्या चाकावरून म्हणायचात, "काहून वो, असा कसा चालते हा? पाह्य बरं नीट!" आणि मीही आपसूक नागपूरकडची होऊन तणतणायला लागायची. माझ्या आईशी फोनवर बोलते ते वेगळं. ते सगळं बरं आहे ना, जेवलीस ना. भांडायला मराठीत कोणी नव्हतं मला.

तुम्ही जिंकायचात तसे हरायचातही, आणि हरलात की कबूल करायचात. बाजारातून कोरा करकरीत फ्युएल पंप आणलात, डब्यावर झळझळीत छाप, आणि तासाभरात त्याचा आतला रबरी पडदा फाटून पेट्रोल गळायला लागलं. मी फडक्यानं गळलेलं पेट्रोल पुसलं. तुम्हीच म्हणालात, "बोल, बोलून टाक." म्हटलं, "नवा म्हणजे चांगला, असं कोणी सांगितलं? जुना निदान चालून दाखवलेला असतो." मग माझ्या जुन्या पंपाला नवा पडदा घालून तो बसवला. तो आजही चालतोय. उलट मी हट्टानं ठेवलेला रेडिएटरचा जुना पाइप पहिल्याच दिवशी फुटला आणि गरम पाणी तुमच्या बनियनवर. तुम्ही "तुझं माप कुठं गेलं?" एवढंच विचारलंत. मी आत जाऊन बर्फ आणला.

अधूनमधून थोडं चालवून बघायचो, पण पावणेदोन वर्षांनी इंजिन पुरतं सुरू झालं तेव्हा सगळी कॉलनी टाळ्या वाजवत होती. तुम्ही एकटे मान वाकडी करून ऐकत होता. मग हात वर केलात, "बंद कर. बंद कर म्हणतो ना!" खालून ठोका येत होता. मला तेव्हा ऐकूही आला नव्हता. इंजिन परत उतरवलं, आणि ठोका निघाला तो क्रँकशाफ्टमधून. पिस्टन वरखाली होतात त्यांचं गोल फिरणं करतो तो शाफ्ट, सगळ्या इंजिनाचा भार त्याच्यावर. तो खराब झाला की जिथे झिजला तिथे घासून गुळगुळीत करायचा आणि जरा जाड बेअरिंग घालायचं, हे सगळे करतात. पण प्रत्येक वेळी घासला की तो बारीक होतो. आपला आधीच दोनदा घासलेला होता. आता एकदाच घासता येणार होता. त्यानंतर नाही.

मी म्हटलं, "एकदा येतंय ना? मग घासू." तुम्ही म्हणालात, "शेवटचं जे असते ते वापराचं नसते. ते शिल्लक ठेवाचं असते." म्हटलं, "वापरायचंच नाही तर शिल्लक ठेवून करायचं काय? लोणचं?" आणि पुढच्या आठवड्यात कोणाला न सांगता पॅसेंजर पकडून कानपूरला गेलात. तिथलं एक पार्ट्सचं जुनं दुकान बंद होणार होतं, त्यांच्या माळ्यावर हेराल्डचा एक शाफ्ट पडून होता, कधीच न वापरलेला, तेलकट कागदात गुंडाळलेला. तो टॉवेलमध्ये बांधून, मांडीवर घेऊन तुम्ही परत आलात. डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलू नका म्हटलेलं असताना! मी तुम्हाला इतकं बोलले त्या दिवशी. मिलिंदही बोलला. तुम्ही हातपाय धुतले, चहा मागितला आणि तो शाफ्ट स्टोअररूमच्या कडीला उभा टांगलात, जुन्याच्या शेजारी. "आडवा ठेवला तर वाकते." पाठीला बाम मात्र मलाच लावायला सांगितलात.

मग महिनाभर ते दोघं तिथे टांगलेले आणि आपण दोघं इथे अडलेले. लेथवर शाफ्ट घासून देणारे खरादवाले रईसभाई आठवड्याला फोन करायचे. "अंकल, हुक्म कीजिए, घिसें कि न घिसें?" तुम्ही म्हणायचात, नया लगेगा. मी फोन घेऊन म्हणायची, रुकिए भाई, अभी तय नहीं हुआ. माझं म्हणणं सोपं होतं. इतका जुना नवा शाफ्ट, आत काय आहे कोणी बघितलंय? आपला निदान ओळखीचा. त्यानंच ती गाडी इतकी वर्षं ओढली. त्याच्यात एक आयुष्य शिल्लक आहे आणि तुम्ही ते नाकारताय. यात मला खरंच वाईट वाटत होतं बाबा, फक्त भांडणासाठी भांडत नव्हते. जे मापात बसतं ते फेकणं मला जमतच नाही.

आणि तो शेवटचा रविवार. तुम्ही म्हणालात, "तू मापते, तुले खात्री पटते. बरोबर आहे. पण जो गाडीत बसते त्यानं कुठं मापलं? आमचा पायलट इंजिन उघडून पाहत नव्हता. तो बसायचा अन् जायचा. आमच्या भरवशावर." मी म्हटलं, "बाबा, ही हेराल्ड आहे, विमान नाही. बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उभी राहील, खाली पडणार नाही." "कोणत्या रस्त्याच्या?" असं तुम्ही विचारलंत. मला वाटलं तुमचं नेहमीचं तिरकं बोलणं. मी चिडून म्हटलं, "कोणत्याही रस्त्याच्या!" आणि पोळ्या लाटायला आत गेले. बुधवारी सकाळी तुमच्या छातीत कळ आली.

तर आता असं झालं की तुम्ही गेलात आणि ठरवायचं माझ्यावर आलं. मिलिंद म्हणाला, "प्रज्ञा, बेच देते हैं, जैसी है वैसी." त्याला ती बघवत नव्हती. मागच्या खिडकीचा पडदाच ओढून घेतला होता त्यानं. रईसभाई भेटायला आले, दारातच थांबले, म्हणाले, "बड़े नफ़ीस आदमी थे, ख़ुदा जन्नत दे." मग चपला घालताना हळूच म्हणाले, मशीन तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय, जे सांगाल ते. आणि एकदा घासला की तो परत जाड होत नाही, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती.

तुमच्या शेवटच्या शब्दाला मान द्यायचा म्हणून नवा बसवायचा? मग मी दोन वर्षं काय तुमचं मन राखायला वाद घालत होते? आणि माझं खरं करायचं तर तुम्ही मास्क काढून सांगितलेलं मोडायचं? मी ठरवलं, लोखंडालाच विचारू. दोन्ही शाफ्ट खाली काढले. मागच्या ओट्यावर ठेवून दोन्ही धुतले, लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. कुठे केसाएवढा तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते, आयुष्यभर हेच बघत आलेय मी. बसून राहिले. तुमच्या नव्यावर काही उमटलं नाही. माझ्या जुन्यावरही काही उमटलं नाही. दोन्ही सरळ, नवा मापात, आणि जुनाही एकदा घासला तर मापात. एखाद्यावर तरी रेघ यावी म्हणून मी अक्षरशः मनात म्हणत होते. म्हणजे सुटका झाली असती. पण नाही. तुमचंही बरोबर आणि माझंही बरोबर, आणि सांगायला समोर कोणी नाही. तिथे बसून मी खूप रडले, बाबा. जलदानाला आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं.

तोंड धुऊन परत आले आणि कसं कोण जाणे, गाडीचं दार उघडून आत जाऊन बसले. ड्रायव्हरच्या सीटवर. उंदरांचा संसार तुम्ही केव्हाच काढला होता, सीट नव्यानं भरून घेतली होती, पण इंजिनच्या नादात मी कधी तिच्यावर बसलेच नव्हते. बसले आणि पाय सरळ क्लचवर गेला. पूर्ण पाय, टाचेसकट. मी! जिला ऑफिसच्या जीपमध्ये पाठीमागे उशी लागते, जिला तुम्ही "लहान साइजची" म्हणायचात. मी खाली हात घालून सीट मागे सरकवायला गेले. सरकेना. वाकून बघितलं. सरकवायची पट्टी गंजली होती ती तुम्ही काढून टाकली होती आणि त्या जागी सीट चार बोल्टांनी कायमची ठोकून टाकली होती. पुढे. माझ्या पायांच्या हिशोबानं. तुमचे ते लांबलचक पाय तिथे शिरलेच नसते, स्टिअरिंगखाली गुडघे अडकले असते. मिलिंद गिअरच्या गाडीला हात लावत नाही. तुमचं लायसन्स डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही स्वतःच रिन्यू केलं नव्हतं.

"गाडी झाली की नागपूरले जाऊ," हे तुम्ही सारखं म्हणायचात आणि मी "जाऊ ना" म्हणायचे. नेणार कोण, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. झाशीच्या पुढे, सागरच्या पुढे, ते जंगलातले रस्ते. मी स्टिअरिंगवर, तुम्ही शेजारी, आणि तुमच्यानंतर कदाचित मी एकटीच. कोणत्या रस्त्याच्या कडेला, म्हणून विचारलंत तुम्ही, आणि मी पोळ्या लाटायला निघून गेले. अहो, सरळ सांगायचं होतं ना! "पोरी, तू चालवणार आहेस, म्हणून मला नवा हवाय." एवढं वाक्य बोलायला काय झालं होतं? मी क्षणात ऐकलं असतं. पण नाही, तुम्ही पायलटच्या गोष्टी सांगत बसलात. असे कसे हो तुम्ही?

मी रईसभाईंना फोन केला. "नया लगेगा," म्हटलं. त्यांनी परत विचारलं, "पक्का, मैडम?" म्हटलं, "पक्का."

पुढचं काम मी, रईसभाई आणि, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, मिलिंद, असं आम्ही केलं. मी पहिल्या दिवशी फक्त पाना धरायला बोलावलं होतं त्याला. दुसऱ्या रविवारी तो स्वतःच आला, जुना शर्ट घालून. कामाला तो यथातथाच आहे, तुमचा मुलगा वाटत नाही. बोल्ट उलटा फिरवतो. मी ओरडले की म्हणतो, "अरे बाबा, सांग ना नीट मग!" मराठीत म्हणतो. त्याच्या लक्षातही येत नाही.

परवा सुरू केली. आधी नुसतीच खोकली, मग धूर, मग एकदम लागली. मी तुमच्यासारखी मान वाकडी करून ऐकलं. ठोका नाही. मिलिंद ओरडला, "चल गई यार, चल गई!" आणि तिथेच कडुलिंबाला टेकून ढसाढसा रडायला लागला. तुम्ही गेलात त्या दिवशी तो रडला नव्हता, माणसांची, गाड्यांची, फुलांची व्यवस्था बघत होता. आर्यानं त्याला पाणी दिलं आणि मला विचारलं, "मम्मी, मतलब आबा जीत गए?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय."

मग मी एकटी निघाले. कॉलनीच्या गेटमधून बाहेर, रेल्वे लाइनीच्या कडेकडेनं, शहर जरा विरळ होतं तिथपर्यंत. पाय बरोबर पोचत होते. इंजिन इतकं छान चाललंय बाबा, मऊ, एकसारखं, तुम्ही शेजारी असता तर डोळे मिटून बसला असता. एका मोकळ्या जागी मी गाडी कडेला घेतली, बंद केली नाही, तशीच चालू ठेवली. कोणी नव्हतं आजूबाजूला. शेजारची सीट रिकामी. आणि मी मोठ्यानं, मराठीत, तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "जुना चालला असता, बाबा. मापात होता तो. मी अजूनही तेच म्हणते."

"नसता चालला" म्हणा ना. एकदाच म्हणा.